परत आलेलं मडकं

केळापूर,
सोमवार, २७ जून १९६०

ती. दादा यांस इंदूचा नमस्कार.

शनिवारच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, बाकीचं मागून.

मी लिहिलं होतं की चैत्रात आपल्या गड्याने, देवसिंगाने, तळ्याच्या कोरड्या गाळातून काढलेला बेडूक मडक्यात मातीखाली दोन महिन्यांवर निजून होता, अन्न नाही, पाणी नाही. आणि शुक्रवारी सकाळी बाबांसमोर मी त्याच्यावर पाणी ओतलं तेव्हा तो जागा झाला. पाणी ओतलं हे खरं. बेडकाने उडी मारली हेही खरं. पण तो तो बेडूक नव्हता.

काल शेजारच्या विमलकाकू विरजण मागायला आल्या. मी वाटी भरत होते. त्या म्हणाल्या, “तुमचा बेडूक काही कामाचा नाही निघाला वं, इंदू. अख्ख्या गावानं पाणी टाकलं त्याच्यावर, पण एक थेंब काही पडला नाही. असा झोपाळू बेडूक, तो देवाले काय उठवन!”

मी विचारलं, कोणता बेडूक?

“कोणता म्हणजे? तुमच्या मागच्या पडवीतला. बुधवारी धोंडी काढली नाही का आम्ही? तू गेलती पांढरकवड्याले. म्या म्हटलं, घरात आयता असून पोराईले उन्हात खोदाले कायले लावाचं?”

मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच लागली, म्हणून गावाने धोंडी काढली होती हे मला ठाऊक होतं. मुसळाला कडुलिंबाच्या डहाळ्या, त्यात बांधलेला बेडूक, आणि दारोदार त्याच्यावर तांब्याभर पाणी. लहानपणी मुसळाचं पुढचं टोक तुमच्याच खांद्यावर असायचं. पण यंदाचा बेडूक माझ्या मडक्यातला होता, हे मला काल कळलं.

मी म्हटलं, “काकू, पण शुक्रवारी तर मडक्यात बेडूक होता.”

“मंग? रिकामं मडकं कोणी परत देते काय, बाई? भरल्या घरचं भांडं नेलं, त्यात काहीतरी टाकूनच द्या लागते. देवसिंगाले सांगतलं, त्यानं विहिरीपासच्या डबक्यातून दुसरा धरून आणला. माती पण जशीच्या तशी टाकली वरून.” मडक्यात गुळाचा खडा टाकून दिल्यासारखं त्या हे सांगत होत्या. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “काहून वं? पहिल्यापेक्षा मोठाच आणला होता.”

“आणि पहिला?”

“त्यानं दोनचार घरं झाल्यावर डोळे उघडलेते. पायही हालवले. मारुतीच्या देवळापाशी आलो तवा थंडा झाला.”

म्हणजे निजलेला होता तो जागा झाला आणि मेला. आणि जो जगला तो कधी निजलाच नव्हता.

दादा, बाबांनी धाकट्या सत्याच्या हृदयाच्या ऑपरेशनला होकार दिला तो या दुसऱ्या बेडकावर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला आहे. बेडूक त्यांना दिसला नाही. त्यांनी हात पुढे केला आणि त्याच्या गळ्याखाली बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाले, “धडधडून राह्यलं. मातीसारखं गार झालतं, अन् धडधडून राह्यलं.” मग म्हणाले, “लिही सदाशिवाले. पोरीले घेऊन येतो म्हणा. मीच येतो म्हणा.” पाच वर्षांत त्यांच्या तोंडून तुमचं नाव मी प्रथम ऐकलं. त्यात सत्या टाळ्या वाजवून हसली आणि मग तिला धाप लागली, म्हणून मी मडकं उचलून बाहेर नेलं. त्याच दुपारी पत्र लिहायला बसले आणि दुसऱ्या दिवशी टाकलं. एक दिवस थांबले असते तर!

बाबा आपल्याला घरी शिकवायचे तेव्हा पाटीच्या मधोमध रेघ मारायला लावायचे. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. पटवारी माणूस, बांधावर न जाता पीक लिहिणाऱ्याला ते चोर म्हणत. मी पाचवीत शाळेत गेले तोवर मला वाटायचं सगळ्याच मुलांच्या पाटीवर मधे रेघ असते. शुक्रवारचं मी डावीकडचं म्हणून लिहिलं. डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ते खोटं निघालं. असंही होतं, हे बाबांनी शिकवलं नव्हतं.

त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगू का, ते कळवा.

आणखी एक विचारते, रागावू नका. आईला उन्हाची लू लागली तेव्हा तुम्ही निजामुद्दीनच्या ट्रकवर यवतमाळहून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आणवलीत आणि फोडून आईच्या अंगाभोवती लावलीत. मी दारात उभी होते. आई संध्याकाळी गेली. बाबांनी तिच्या पावलांना हात लावला आणि तुम्हाला म्हणाले, “मेल्यावर माणूस गार होते. हिले तू जित्तेपणीच गार केलं.” तुम्ही तेरावं होताच नागपूरला गेलात, तिथून मुंबईला, आणि परत आला नाहीत. बर्फाने आई गेली का? इतकी वर्षं मी विचारलं नाही. आता ऑपरेशनसाठी सत्याला तुम्ही बर्फाच्या पाण्यात ठेवणार आहात, म्हणून विचारते.

तुमची
इंदू


केळापूर,
मंगळवार, ५ जुलै १९६०

ती. दादा यांस नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात सत्याला २५ जुलैपासून इस्पितळात खाट मिळाल्याचं वाचून बाबांना सांगितलं. दुसरं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं नाही.

तुम्ही लिहिता, “बेडकाचं काय घेऊन बसलीस? तो मेला काय आणि जगला काय, सत्याशी त्याचा संबंध नाही.” बेडकाचं रक्त मुळातच मातीच्या मानाने गार किंवा गरम होतं, आणि आपला बेडूक तर थंडीत नाही, उन्हाळ्यात निजतो. तुमच्या थोरल्या डॉक्टरांचं लक्ष आहे ते थंड मुलखातल्या खारीकडे. मला समजलं ते खाली लिहिते. चुकलं असेल तर सांगा.

ती खार आपल्यासारखीच गरम रक्ताची. थंडी पडली की बिळात जाते आणि बर्फाइतकी गार होते. तिचं हृदय मिनिटाला चारपाच ठोके देत राहतं, पण थरथरत नाही. माणूस त्याच्या अर्ध्यानेही गार झाला तर त्याचं हृदय थरथरतं आणि थांबतं. म्हणून तुम्ही माणसाला थोडंच गार करता. तेवढ्याने मेंदूची भूक कमी होते, रक्त काही मिनिटं अडवून धरता येतं, आणि तेवढ्या मिनिटांत हृदय उघडून पडद्याचं भोक शिवायचं. मग कोमट पाण्यात ठेवून माणसाला परत आणायचं. खार मात्र आपली आपणच तापते. तिला कुणाचं पाणी लागत नाही.

म्हणजे दादा, माणसाला खारीसारखं निजवणं तुम्हाला येत नाही. तिच्या वाटेवर तुम्ही चार पावलं जाता आणि घाईने मागे फिरता. खारीच्या हृदयाला जे येतं ते आपल्याला का येत नाही, हे कळलं तर मिनिटांच्या जागी तास मिळतील, आज ज्यांना हात लावता येत नाही तेही वाचतील, असं तुम्ही लिहिता. ते वाचताना तुमचा आवाज ऐकू आला. पण ते केव्हा कळेल, हे तुम्ही लिहिलं नाही. आणि आजवर ज्यांना गार केलं त्यांतले किती उठले, असं मी मागे विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही “बहुतेक” असं दिलं आहे.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत, “लू लागलेल्याला गार करणं हाच उपाय होता, आजही हाच आहे. पण मी उशिरा केला की जास्त केला, हे मला माहीत नाही. मी तेव्हा डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो.” तुम्ही “नाही” असं लिहिलं असतं तर ते मी बाबांना वाचून दाखवलं असतं. “माहीत नाही” असं लिहिलंत म्हणून माझा तुमच्यावर विश्वास बसला, आणि म्हणूनच ते त्यांना दाखवता येत नाही.

बेडकाचं बाबांना सांगू नकोस, असं तुम्ही म्हणता. चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर गोष्ट घडते आहे, ती घडू दे. मी हे वाक्य पुष्कळदा वाचलं. ते चूक आहे असं मला दाखवता येत नाही. पण सकाळी बाबा पडवीत बसून विचारतात, “बेडूक कसा हाय वं?” आणि मी “सोडला विहिरीपाशी” असं सांगते. सोडला हे खरंच आहे. कोणता, हे ते विचारत नाहीत.

आता तुम्ही विचारलेलं. तुम्ही दोनदा खाली रेघ मारून लिहिलं आहे की सत्याची नखं आणि ओठ निळसर दिसत असतील तर तिला आणायचं नाही. मग भोक शिवलं तर फुप्फुसाकडून उलटलेल्या रक्ताला वाटच उरत नाही आणि माणूस टेबलावरच जातो. मी पाहिलं. बकरी ईदेला पलीकडच्या जैबुनबीने तिच्या हातांना मेंदी लावली होती, नखांनाही. त्यामुळे नखं लाल आहेत. ओठही लालच आहेत, कारण अलीकडे ती जैबुनबीकडे जाऊन पान खाते. बाबा हसतात, म्हणतात, “पटवाऱ्याची पोर तांबोळीण झाली.” तिची धाप आहे तेवढीच आहे. विहिरीपर्यंत जाते. कधीकधी मधे बसते.

इंदू


केळापूर,
शुक्रवार, ८ जुलै १९६०

ती. दादा यांस,

मंगळवारच्या पत्रात नखं लाल आहेत असं मी लिहिलं. ते पाहिलेलं होतं, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हे लिहिताना मला ठाऊक होतं.

बाबांनी परवा निजामुद्दीनकरवी पांढरकवड्याच्या बाजारातून एक घोंगडी आणवली. नवी, काळी, काठाला पांढरी पट्टी. रोज सकाळी ती अंगणात उन्हात टाकतात आणि दुपारी चाचपून पाहतात. विमलकाकू कुंपणावरून म्हणाल्या, “भाऊजी, अशा उकाड्यात घोंगडी कायले हो? मुंबईले काय हिवाळा लागला?”

बाबा म्हणाले, “तिथं पोरीले बर्फात निजवतेत. उठल्यावर तिले हीव वाजणार नाही काय? दवाखान्याची चादर पातळ असते. माह्या हातानं पांघरीन.”

“अन् उठलीच नाही तं?” काकूंनी असं विचारलं. त्यांना तसं विचारायचं नसावं, तोंडातून निघून गेलं.

“बेडूक नाही का उठला,” बाबा म्हणाले. “म्या बोट ठेवून पाह्यलं.”

काकू माझ्याकडे पाहायला लागल्या. मी त्यांना आधीच हात जोडून सांगून ठेवलं होतं. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाबा घोंगडी झटकत बसले. मग मला म्हणाले, “सदाशिवाच्या खोलीवर चूल असन नं? म्या विचार केला. त्याले म्हणीन, तवाचं तवा झालं. तुह्या हातात हे पोरगी देतो म्हणजे त्यातच समजून घे.” मला विचारलं, “एवढं पुरन काय, का आणखी काही म्हणा लागन?” मी म्हटलं, पुरेल. तेव्हापासून ते हे वाक्य मधूनमधून पुटपुटत असतात. काल “तवाचं तवा” काढून टाकलं. आज पुन्हा घातलं.

हे मी तुम्हाला का लिहिते आहे ते पुढे येईल.

सत्या आज दुपारी आपल्याच पडवीत बसली होती, पोलक्याच्या बाह्या तळहातावर ओढून. एवढ्या उकाड्यात! मी म्हटलं, नखं वाढली आहेत, कापून देते. ती म्हणाली, “नको, शुक्रवार हाय.” मी म्हटलं, तू कधीपासून वार पाळायला लागलीस? मी हात धरला. तिच्या हातात जोरच नाही, ती ओढून घेऊ शकली नाही.

मेंदी लावून महिना होऊन गेला. नखं वाढली तशी मेंदी पुढे सरकली, आणि प्रत्येक नखाच्या मुळाशी नवी कोरी पट्टी उघडी पडली आहे. दादा, ती जांभळी आहे. दहाही बोटांना.

ती म्हणाली, “जांभळं खाल्ली सकाळी.”

मी पाणी आणलं आणि चिंचेने घासलं. ती मला घासू देत होती. मग हळूच म्हणाली, “ताई, नखाच्या आतून काय निघन?”

मग मी तिला चूळ भरायला लावली आणि खालचा ओठ ओढून पाहिला. हिरड्या मला लिहवत नाहीत. बोटांच्या टोकांची जाडी मात्र लिहिते, कारण तुम्ही मागच्या वर्षी विचारलं होतं. बोटांची टोकं फुगीर झाली आहेत, ढोल वाजवायच्या टिपरीसारखी.

मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, “होळीपासून. मंग म्या जैबुनबीले म्हटलं, मले नखांवर पण लावा. तिनं विचारलं नाही काहून. पण पान तिनंच देल्लं पहिल्यांदा. म्हणाली, ले बेटी, होठ लाल दिखते.” जैबुनबीला कळलं होतं. तिच्या अनवरीला असंच काहीसं होतं, ती सातव्या वर्षी गेली. आपल्या घरात मात्र मला कळलं नाही. मी तिच्या शेजारी निजते.

खारीचं जे कळायचं आहे ते लवकर कळण्याची काही आशा आहे का? तुम्ही लिहिलं होतं की मिनिटांच्या जागी तास मिळाले तर आज हात लावता येत नाही त्यांनाही. ते वाक्य काढून मी पुन्हा वाचलं. त्यात सन नाही.

इंदू


केळापूर,
सोमवार, ११ जुलै १९६०

दादा,

शुक्रवारच्या पत्राचं उत्तर अजून यायचं आहे. पण ते काय असेल हे तू आधीच दोन रेघा मारून लिहून ठेवलं आहेस, म्हणून वाट पाहत नाही.

पंचविसाची खाट सोडून दे. हे पत्र मिळाल्याबरोबर सांग, म्हणजे कुणा दुसऱ्या मुलाला मिळेल. त्याची नखं तू स्वतः पाहा, बहिणीला विचारू नकोस.

तार केली असती, पण इथल्या पोस्टातले नानाजी रोज संध्याकाळी बाबांजवळ येऊन बसतात. बाबांना दुसऱ्याकडून कळू नये.

काल मी सत्याला सगळं सांगितलं: बेडकाचं, आणि तू लिहिलेलं निळ्या नखांचं. मला वाटलं ती रडेल. बेडकाची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की तिला पाठीमागे उशा द्याव्या लागल्या. “रिकामं मडकं देऊ नये म्हणून दुसरा बेडूक!” म्हणाली. “विमलकाकूईले सांग, मी गेले तं माह्या जागी पण कोणी पाठवा म्हणा. घर रिकामं देऊ नये.”

मी तिला रागावले. मग तिने माझा पदर धरून ठेवला आणि म्हणाली, “ताई, मले ठाऊक हाय की माहं काळीज तिथं उघडता येत नाही. मागं तू पडवीत बसून दादाची पत्रं मोठ्यानं वाचत होती, तवा म्या आतून ऐकून राह्यली होती. मले ऑपरेशन नको. मले फक्त न्या. बाबा दादाशी बोलाले चालले. पाच वर्षांनी. बाबाईले डोळ्यानं दिसत नाही, मी असल्याशिवाय ते जातीन काय? एक डाव भेटले की मंग तुमचं तुम्ही सांगा.”

“आणि गाडीत काही झालं तर?”

“इथं होणारच हाय. मंग गाडीत काय अन् पडवीत काय?”

“बाबांच्या मांडीवर होईल.”

तिने याचा विचार केला नव्हता. ती चौदा वर्षांची आहे, दादा. तिने मेंदीचा विचार केला, पानाचा केला, तुझा आणि बाबांचा केला. बाबांच्या मांडीचा राहिला.

मग म्हणाली, “मंग मले मडक्यात ठेव. चांगली माती टाक वरून. दादाले खारीचं समजलं की पाणी घाल. पण धोंडीले देऊ नको हो कोणाले!” मी हो म्हटलं.

मी काल रात्रभर यावर विचार केला आणि मला तीन वाटा दिसल्या. एकही बरी नाही. गप्प राहून तिला घेऊन आले तर तू खाट परत करशील, बाबांना तिथल्या तिथे कळेल आणि त्यांना वाटेल की आपण सगळ्यांनी मिळून आंधळ्या माणसाला फसवलं. तुझ्याशी बोलणं राहीलच. नुसतं निळं झाल्याचं सांगितलं आणि बेडूक तसाच ठेवला तर ते म्हणतील, बेडूक उठतो, मग माझी पोर का नाही? सदाशिव टाळतो आहे, मागच्यासारखा भिऊन गेला आहे. म्हणजे दोन्ही सांगायला हवं, पहिल्यापासून, मडक्यापासून. मग त्यांच्याजवळ काय उरेल, ते मला दिसत नाही. धडधडणाऱ्या गळ्याखाली ठेवलेलं ते बोट मी त्यांच्याकडून काढून घेणार, आणि बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. रिकामं मडकं परत करणारी या गावात मीच निघाले.

तुझं “माहीत नाही” मात्र मी त्यांना वाचून दाखवणार आहे. आधी भीत होते. आता वाटतं, आपल्या घरात तेवढं एकच वाक्य रेघेच्या दोन्ही बाजूंना बसतं. ते ऐकून ते तुला क्षमा करतील असं मी म्हणत नाही. कदाचित पुन्हा तुझं नाव घेणार नाहीत.

तू येशील तर बरं. येऊन काही होणार नाही हे मला समजतं. तू तिची नाडी पाहशील आणि मला बाहेर बोलावून जे सांगशील ते मला आताच ठाऊक आहे. तरी ये. तिला तुझा चेहरा नीट आठवत नाही. ती नऊ वर्षांची होती. परवा मला विचारत होती, दादाच्या गालावर तीळ होता की तो आपल्या मामाच्या? मी सांगितलं, दादाच्या. खरं म्हणजे मलाही खात्री नाही.

पाऊस अजून नाही. तळ्याच्या तळाला पडलेल्या भेगांत काल देवसिंगाने हात घालून पाहिलं, खाली बेडूक आहेत म्हणतो, गार, डोळे मिटलेले. मी म्हटलं, राहू दे.

आम्ही बुधवारी, वीस तारखेला, सकाळच्या मोटारीने निघून धामणगावला गाडी धरायची असं ठरलं आहे. आदल्या दिवशी बाबा बिछाना बांधणार. घोंगडी सगळ्यात शेवटी, वरच बांधायची, म्हणजे लगेच हाताशी येईल, असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. हे पत्र गुरुवारपर्यंत तुला मिळेल. तू लगेच निघालास तर मंगळवारच्या आत पोचशील. म्हणून तोवर थांबते, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी ते घोंगडी उन्हात टाकतात आणि रोज मी पाहत राहते, हे आणखी किती दिवस चालू द्यायचं, याची मी मर्यादा घातली आहे.

तू आलास तर आपण दोघं सांगू. नाही आलास तर मी एकटी सांगेन, त्यांचा चहा झाल्यावर, घोंगडीची घडी घालायच्या आधी. मंगळवारी, १९ जुलैला.

इंदू